इंडोनेशियातल्या छोट्या शेतकरी गावात जगणं कसं असतं?

जावा बेटापुरतं सांगतो. देशातली निम्म्याहून जास्त माणसं तिथेच राहतात. देशाच्या पूर्व टोकाला असलेल्या पापुआच्या गावांचं चित्र अगदी वेगळं.

पाण्यासाठी आपल्याकडे जसं आभाळाकडे बघत बसावं लागतं, तसं जावात बऱ्याच भागांत नाही. ज्वालामुखीची कसदार माती, पाऊस भरपूर, वर्षाला भाताची दोन पिकं सहज, पाट असेल तिथे तीन. खरी अडचण जमिनीची. बहुतेकांकडे अर्धा हेक्टर, म्हणजे सव्वा एकरसुद्धा नाही. अशा शेतकऱ्याला तिकडे 'पेतानी गुरेम' म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीक ऊ! ज्यांना तेवढीही जमीन नाही ते मजुरीला जातात. कापणीची मजुरी पूर्वी सर्रास भातातच मिळायची, 'बावोन' म्हणून. काही गावांत ती पद्धत अजून आहे.

म्हणून गाव अगदीच मागास समजू नका. वीज आहे, दारात मोटरसायकल आहे. स्वयंपाकघरात 3 किलोचा हिरवा, गोलमटोल गॅस सिलिंडर, ज्याला लोक लाडाने 'मेलोन' म्हणतात. ताटात भात, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि झणझणीत सांबाल (मिरचीची चटणी). 2015 पासून 'दाना देसा' हा सरकारी निधी गावांना मिळतो, त्यातून रस्ते, पाट होतात.

पोरं मात्र शेतात टिकत नाहीत. ती जकार्ता, सुराबायाला जातात; कितीतरी बायका हाँगकाँग, तैवानला घरकामाला. गावातलं नवं, टाइल्स लावलेलं घर बहुधा त्यांच्याच पैशातलं. ईदला सगळे परततात, आठवडाभर गाव गजबजतं.