वाचकांचे प्रश्न : केशरोपणाची पद्धत कशी निवडावी?

प्रश्न : माझे वय २८ वर्षे आहे. गेल्या चार वर्षांत कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस मागे सरकले असून टाळूवरही विरळपणा जाणवू लागला आहे. वडील आणि मामा दोघांनाही टक्कल आहे. पुण्यात तीन ठिकाणी चौकशी केली. एकाने एफयूटी सुचवली, दुसऱ्याने एफयूई. तिसऱ्याने डीएचआय हीच सर्वांत आधुनिक पद्धत असल्याचे सांगून एकाच दिवसात ४,००० ग्राफ्ट (रोपणासाठी काढलेली केसांची मुळे) लावून देण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी लग्नाचा विचार आहे. मी काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्यापुढे तीन पर्याय ठेवले गेले असले, तरी ते एका मापाने मोजण्यासारखे नाहीत. एफयूटी (त्वचेची पट्टी काढून) आणि एफयूई (एकेक मूळ सुटे काढून) यांतला फरक केसांची मुळे काढण्याच्या रीतीत आहे, तर डीएचआयचे वेगळेपण ती मुळे लावण्यात आहे. डीएचआयमध्येही मुळे काढली जातात ती एफयूईच्याच रीतीने. फक्त आधी छेद घेऊन चिमट्याने मूळ बसवण्याऐवजी पेनासारख्या उपकरणाने छेद आणि रोपण एकदमच होते. हे उपकरण कोरियात विकसित झाले, त्यालाही आता तीस वर्षे उलटली आहेत. ते सराईत हातात चांगले चालते, पण त्याने केस आपोआप दाट होतात, हा दावा मला मान्य नाही.

केशरोपणात नवा केस तयार होत नाही, एका जागेचा केस दुसऱ्या जागी जातो, ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. दोन कानांमधल्या मागच्या भागातले केस आनुवंशिक टकलात सहसा टिकून राहतात आणि पुढे लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ साली हे मांडले आणि आजच्या सर्व पद्धती त्यावरच उभ्या आहेत. मागचा हा भाग म्हणजे तुमची आयुष्यभराची ठेव आहे. त्यातून काढलेले मूळ तिथे पुन्हा उगवत नाही.

एफयूटीमध्ये या भागातून साधारण एक ते दीड सेंटिमीटर रुंदीची त्वचेची पट्टी काढतात, जखम टाके घालून मिटवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीतली मुळे एकेक करून सुटी करतात. मुळे डोळ्यांसमोर सुटी होत असल्याने तुटण्याचे प्रमाण कमी राहते आणि सगळे केस मधल्या, सर्वांत भरवशाच्या भागातून मिळतात. मात्र आडवा व्रण कायम राहतो, दहा-बारा दिवस टाके सांभाळावे लागतात आणि पुढे कधी केस अगदी बारीक कापले, तर ती रेघ दिसते. एफयूईमध्ये सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पंचने एकेक मूळ काढतात. टाके नसतात, बारीक ठिपक्यांसारखे व्रण केसांत लपतात, पण त्वचेखाली मूळ कोणत्या कोनात वळले आहे हे दिसत नसल्याने कापणाऱ्याचा अंदाज चुकला की मूळ मधेच तुटते. शिवाय हाव धरून फार मुळे काढली, तर मागचे डोके वाळवी लागल्यासारखे विरळ दिसते, आणि ते दुरुस्त करणे फार कठीण असते.

आता तुमचा हिशेब मांडू. कपाळावरची ६० चौरस सेंटिमीटर जागा दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट या प्रमाणात भरायची म्हटली, तर २,४०० ग्राफ्ट लागतात. अठ्ठाविसाव्या वर्षी ४,००० खर्ची घातले आणि पस्तिशीत टाळू उघडी पडली, तर तेव्हा आणायचे कुठून? पुढे लावलेले केस बेटासारखे उभे राहतील आणि त्यांच्यामागे टक्कल पसरत जाईल. वडिलांचे आणि मामांचे टक्कल पाहता ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्यातच एका दिवसात इतके काम करायचे म्हणजे भुलीच्या औषधाची मात्रा वाढते आणि काढलेली मुळे तासन्‌तास शरीराबाहेर राहतात.

म्हणून माझा सल्ला असा, की तुमची गळती अजून चालू असल्याने आधी वर्षभर औषधोपचार करावा. मिनॉक्सिडिल आणि १ मिलिग्रॅम फिनास्टेराइड यांनी पुष्कळ पुरुषांची गळती थोपते. फिनास्टेराइडने काही जणांना लैंगिक तक्रारी होतात. तुमचे लग्न ठरत असल्याने ही बाब डॉक्टरांशी संकोच न करता आधीच बोलून घ्यावी. लग्नापुरते म्हणून रोपण घाईने करण्यात फायदाही नाही, कारण लावलेले केस पहिल्या महिन्याभरात गळतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास नवे दिसू लागतात आणि खरा परिणाम यायला नऊ ते बारा महिने लागतात.

वर्षभराने गळती थांबलेली दिसली आणि तुम्हाला केस बारीक ठेवायची सवय असेल, तर एफयूई निवडावी. केस लांब ठेवत असाल आणि पुढे मोठी जागा भरावी लागेल असे दिसत असेल, तर एफयूटीला जुनाट म्हणून नाकारू नये. पद्धतीपेक्षाही मोलाचा प्रश्न आहे तो मुळे कोण काढणार, छेद कोण घेणार आणि शस्त्रक्रियेच्या पूर्ण वेळ डॉक्टर खोलीत असणार का. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे, की केवळ कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून हे काम करता येणार नाही. ज्या डॉक्टरांनी तुमचे मागचे केस भिंगातून न पाहताच ग्राफ्टचा आकडा सांगितला असेल, त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नये.

प्रश्न : माझ्या पत्नीचे वय ४१ वर्षे असून तिचा भांग रुंद होत चालला आहे. डोके न भादरता डीएचआय करता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : करता येते, परंतु त्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावे. भांग रुंदावतो तेव्हा स्त्रियांमध्ये बऱ्याचदा मागचे केसही पातळ होत असतात आणि मग तिथून मुळे काढण्यात अर्थ राहत नाही. याउलट वर्षानुवर्षे घट्ट वेणी बांधल्यामुळे फक्त कपाळाच्या कडेचे केस गेले असतील आणि ती सवय सुटली असेल, तर त्या जागी रोपण चांगले रुजते.