वाचकांचे प्रश्न : खाण तशी माती, पण दरवेळी नाही

प्रश्न : बियाण्याच्या पाकिटाचा खर्च वाचवायला गेल्या सालच्या बीटी पऱ्हाटीची सरकी घरी काढून ठेवली आहे. टोबली तर चालेल का? (राळेगाव, जि. यवतमाळ)

उगवेल, अडचण उगवल्यानंतरची आहे.

कपाशीच्या पाकिटात दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी असते. प्रत्येक झाडाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशी जनुकांची तीच जोडी मिळालेली, म्हणून सारं वावर एका उंचीचं दिसतं. या झाडांना बोंडं धरताना त्या जोड्या सुटतात आणि प्रत्येक सरकीत नव्याने जुळतात. बीजी-२ या बीटी कपाशीत अळीला मारणारी दोन जनुकं असतात, क्राय१एसी आणि क्राय२एबी. दोन्ही एकाच पालकाकडून आलेली असली तर पुढच्या पिढीतल्या दर 16 सरक्यांमागे 9 मध्ये दोन्ही, 6 मध्ये कोणतं तरी एकच, आणि एक सरकी कोरी, असा हिशेब पडतो. एक बोंड फोडा. चार पाकळ्यांत मिळून 28 सरक्या निघाल्या असं धरा. त्यातल्या सोळाएक पक्क्या, दहाएक अर्ध्या आणि दोनेक बिनबीटीच्या. वरून बघून कोणती कुठली हे ओळखता येत नाही.

अशा मिसळीच्या वावरात अळी या झाडावरून त्या झाडावर जाते. तिला विष अर्धवट मिळतं आणि त्यातून तगलेल्या अळ्यांचीच पैदास वाढते. गुलाबी बोंडअळीला तर आता ही दोन्ही विषं पचतात, हे वेगळंच. शिवाय संकरामुळे आलेला जोम दुसऱ्या पिढीत साधारण निम्म्यावर येतो. झाडं लहानमोठी होतात, बोंडं मागेपुढे फुटतात आणि धाग्याची लांबी एकसारखी राहत नाही. वाचलेल्या पाकिटाचे पैसे इथेच जातात.

घरचीच सरकी लावायची असेल तर सरळ, म्हणजे संकर नसलेला वाण घ्या, उदाहरणार्थ अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा रजत. मधमाश्या शेजारच्या पऱ्हाटीचे पराग आणतात, म्हणून दुसऱ्या कपाशीपासून किमान 30 मीटर अंतर ठेवा. धुऱ्याकडच्या तासांतली सरकी घेऊ नका, फरदडीतली, म्हणजे वेचणी संपल्यावरही राखलेल्या पिकातली तर नकोच. जिनिंगमधली सरकी दहा गावांची असते, ती ढेपेलाच बरी.

प्रश्न : मग सोयाबीनचंही दर साली नवीनच घ्यायचं का? (वाशीम)

नाही. सोयाबीनचं फूल उमलायच्या आतच स्वतःच्या परागाने फळतं, परकी भेसळ शेकडा एकाहूनही कमी. वाण तोच राहतो, बिघडते ती उगवण, कारण दाण्याची साल पातळ असते. बियाण्याची मळणी करताना ड्रमचे फेरे मिनिटाला 400 च्या आत ठेवा, पोती आपटू नका, थप्पी सातआठ पोत्यांवर नेऊ नका. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि सातव्या दिवशी मोजा. 70 उगवले तर एकरी 30 किलो पुरे. 60 च्या खाली उगवले तर ते बियाणं पेरू नका.

प्रश्न : संत्र्याच्या सहा वर्षांच्या कलमेला खरबरीत, जाड सालीची आंबट फळं लागली. वाण पालटला काय? (वरुड, जि. अमरावती)

वाण पालटत नाही. ती फळं जंभेरी जातीच्या लिंबाची आहेत. तुमचं झाड म्हणजे दोन झाडं एकावर एक : खाली जंभेरीचा खुंट, वर संत्र्याचा डोळा. दोघांचा रस एकत्र वाहतो, पण जनुकं मिसळत नाहीत. डोळ्याच्या जोडाखालून आलेला फुटवा वेळेवर काढला नाही तर तो काटेरी, जोरकस वाढतो आणि वरच्या संत्र्याला दाबून टाकतो. बुंध्याजवळची माती बाजूला करून फांदी जोडाच्या खालून निघते की वरून, ते पाहा. खालची असेल तर बुडापासून कापा आणि जखमेला बोर्डो मलम लावा. संत्र्याची एकही फांदी उरली नसेल तर झाड बदला.

खुंटाच्या रोपांबद्दलही सांगायला हवं. जंभेरीच्या एका बीतून बहुधा दोनतीन रोपं निघतात. त्यातली बरीचशी आईच्याच पेशींपासून तयार झालेली, म्हणजे हुबेहूब आईच. एखादं परागापासून झालेलं असतं आणि ते सहसा खुरटं किंवा वेगळ्या पानाचं दिसतं. रोपवाटिकेतून अशी रोपं उपटून टाकली नाहीत तर पुढे बागेत झाडं लहानमोठी होतात. कलमा घेताना डोळा जमिनीपासून वीतभर वर आहे ना, तेही बघा. जोड मातीत गेला की डिंक्या रोगाला वाट मिळते.

प्रश्न : कळपातलाच तगडा बोकड पैदाशीला ठेवला. आता पिल्लं लहान होतात, काही मरतात. (समुद्रपूर, जि. वर्धा)

तो आता स्वतःच्याच लेकींवर, म्हणजे तरुण पाठींवर जातो आहे. बाप-लेकीत निम्मी जनुकं सारखी असतात. एखादा दोष बापात एकेरी, लपलेला असेल तर तो लेकीतही असण्याची शक्यता निम्मी. दोघांकडूनही पिल्लात उतरला की तो उघडा पडतो. बापलेकीच्या पिल्लात दर चार जनुक-जोड्यांमागे एक जोडी अशी दोन्हीकडून एकाच मूळची जुळते. चारा-खुराक वाढवून यातलं काही सुटत नाही.

पाठी आठ-दहा महिन्यांच्या होऊन माजावर यायच्या आत बोकड बदला. दूरच्या गावाशी अदलाबदल केली तर पैसेही लागत नाहीत. 20 ते 25 बकऱ्यांना एक बोकड पुरतो. नर पिल्लं तीन महिन्यांची झाली की वेगळी बांधा किंवा खच्ची करा, नाही तर ती आधीच काम करून मोकळी होतात. कानात बिल्ला मारून वहीत आई, बाप आणि फळल्याची तारीख लिहा. त्या तारखेपासून 150 दिवसांच्या आसपास वेत येतो.