रात्री दोन वाजता हेलिकॉप्टर उतरवणारा मुलगा

“मुलगा रात्र-रात्र कॉम्प्युटरवर युद्धाचा खेळ खेळतो, हटकले तर अंगावर येतो, हे व्यसन समजायचे का?” गेल्या काही वर्षांत पालकांकडून हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की एका उदाहरणाच्या आधारे त्याचे सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. उदाहरण अकरावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका मुलाचे आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मुलाचे नाव दिलेले नाही.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीला आई-वडील दोघेच आले होते. वडील एका कारखान्यात क्रेन चालवतात. दुसरी पाळी संपवून मध्यरात्री घरी पोहोचले की मुलाच्या खोलीतला दिवा चालूच असतो, हे त्यांना खुपत होते. दहावीला उत्तम गुण मिळवलेला मुलगा पहिल्याच घटक चाचणीत भौतिकशास्त्रात नापास झाला होता, सकाळचा पहिला तास हमखास बुडत होता, आणि वडिलांनी एकदा संतापाच्या भरात राउटरची पिन उपसली तेव्हा त्याने कीबोर्ड जमिनीवर आपटला होता. “आपटला ते आपटला, पण नंतर हुंदके देऊन रडला, मॅडम. खेळातलं हेलिकॉप्टर पडलं म्हणून एवढा मोठा मुलगा रडतो?” असे वडिलांनी विचारले. आईची काळजी वेगळी होती. पडद्यावर सतत बंदुका आणि स्फोट दिसतात, त्याने मुलाचे मन निबर होईल अशी धास्ती तिने घेतली होती.

आईच्या शंकेबद्दल उपलब्ध संशोधन बरेच स्पष्ट आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडताना असे नमूद केले की हिंसक व्हिडिओ गेम आणि प्रत्यक्ष हिंसक कृत्ये यांत कार्यकारणसंबंध आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही; ओरडणे, ढकलाढकली करणे अशा आक्रमक वागण्याशी मात्र थोडा संबंध आढळतो. म्हणून असे खेळ खेळणाऱ्या मुलाचा आवाज घरात चढू लागला तर त्याकडे लक्ष अवश्य द्यावे, पण तो उद्या कोणावर हात उगारेल अशी कल्पना करून घाबरू नये.

वडिलांच्या प्रश्नाला अधिक वेळ द्यावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असून तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. खेळणे कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे यावर ताबा न राहणे, आयुष्यातल्या इतर सगळ्या गोष्टी खेळापुढे मागे पडत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे, असे हे स्वरूप साधारणपणे १२ महिने टिकले आणि त्याने शिक्षण, नातीगोती किंवा कामकाज यांवर गंभीर परिणाम केला, तरच हे निदान होते. यात तासांचा आकडा कोठेही दिलेला नाही. पालक मात्र माझ्याकडे येताना तासांचाच हिशेब घेऊन येतात. तास मोजू नयेत असे मी म्हणत नाही. परंतु त्या तासांत मूल नेमके काय करते हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पुढच्या आठवड्यात मुलगा एकटा आला. अभ्यास, झोप, घर यांविषयीच्या प्रश्नांना त्याने एकेका शब्दात उत्तरे दिली. “तू हेलिकॉप्टर चालवतोस असं बाबा म्हणाले. कोणतं?” असे विचारल्यावर मात्र त्याने मान वर केली आणि पुढचा अर्धा तास तो सलग बोलला.

तो खेळत होता तो ‘आर्मा ३’ हा खेळ बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीने २०१३ मध्ये आणला. ग्रीसच्या लेम्नोस बेटावर बेतलेले अल्टिस नावाचे विस्तीर्ण बेट ही त्याची मुख्य रणभूमी आहे. अनेक खेळाडू हेडसेटवर एकमेकांशी बोलत, पथके करून मोहिमा पार पाडतात. या मुलाने एका युरोपीय गटात सैनिकांची ने-आण करणाऱ्या हेलिकॉप्टरचा वैमानिक होण्याची जबाबदारी घेतली होती. गटाची मोहीम दर शनिवारी तेथील रात्री आठ वाजता सुरू होई; म्हणजे उन्हाळी वेळेप्रमाणे आपल्याकडे साडेअकरा आणि हिवाळी वेळेप्रमाणे साडेबारा. मुलगा रात्रीच का खेळतो या वडिलांच्या प्रश्नाचा निम्मा उलगडा एवढ्या हिशेबातच झाला. उरलेल्या निम्म्याचा, म्हणजे इतर दिवशीच्या जागरणांचा, उलगडा त्याने मोबाइलवर दाखवलेल्या एका चित्रफितीतून झाला.

ती समजण्यासाठी हेलिकॉप्टर उडवणे अवघड का असते हे थोडक्यात सांगायला हवे. कलेक्टिव्ह, म्हणजे वैमानिकाच्या डाव्या हाताशी असलेला दांडा, वाढवला की मुख्य पंख्याच्या सर्व पात्यांचा कोन वाढून हेलिकॉप्टर वर चढते, पण त्याच वेळी पंख्याच्या उलट दिशेने बसणाऱ्या पिळामुळे नाक एका बाजूला वळू लागते आणि ते पेडलने, म्हणजे शेपटीच्या पंख्याने, आवरावे लागते. पुढे जाण्यासाठी सायक्लिकने, म्हणजे समोरच्या दांड्याने, नाक खाली केले की काही जोर पुढच्या दिशेला वळतो, उंची कमी होते, म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह वाढवावा लागतो आणि पुन्हा नाक वळते. अशा रीतीने एक दुरुस्ती केली की तिच्यामागून दुसरी करणे भागच पडते. या खेळात २०१४ मध्ये उड्डाणाची अधिक वास्तववादी पद्धत आली आणि ती वापरायची की नाही हे ऐच्छिक असले, तरी या मुलाच्या गटाने ती सक्तीची केली होती.

चित्रफितीत मागे आठ जण बसलेले होते. उतरण्याची जागा समोर आली तेव्हा हेलिकॉप्टर फार उंच आणि फार वेगात होते. त्याने घाईने नाक वर केले, वेग जवळजवळ शून्यावर आला, आणि लवकर खाली जाण्यासाठी त्याने कलेक्टिव्ह एकदम सोडला. पुढे न सरकता वेगाने खाली येणारे हेलिकॉप्टर स्वतःच्याच पंख्याने खाली ढकललेल्या हवेत सापडते. अशा अवस्थेत जोर वाढवला तर ते आणखी वेगाने खाली येते. वैमानिक याला ‘व्होर्टेक्स रिंग स्टेट’ म्हणतात. सुटकेचा नेहमीचा मार्ग म्हणजे नाक खाली करून पुढे वेग घेणे, पण त्यासाठी उंची शिल्लक असावी लागते. त्याच्याकडे ती नव्हती. त्याने पूर्ण जोर लावला, हेलिकॉप्टर पोटावर आपटले आणि आठही जण त्या मोहिमेतून बाद झाले. नंतर हेडसेटवर इंग्रजीत शिव्या ऐकू येतात आणि एक शांत आवाज म्हणतो की पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला उडवू द्या. त्यावर या मुलाचा स्वतःचा आवाज कोठेही ऐकू येत नाही.

“तू काहीच का बोलला नाहीस?” असे मी विचारले. “काय चुकलं ते मला माहीत होतं, पण तेवढ्या वेळात इंग्लिशमध्ये सांगता आलं नसतं,” असे तो म्हणाला. दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात शिकला होता. उतरण्यापूर्वी “तीस सेकंद राहिली” ही सूचना वैमानिकाने द्यायची असते. तीही तो टाळत असे आणि त्यामुळे मागे बसलेल्यांना तो बेफिकीर वाटत असे. त्या मोहिमेनंतर तो रोज रात्री रिकाम्या बेटावर, कोणीही ऐकत नसताना, एकट्याने उतरण्याचा सराव करत होता आणि कधी कधी दोन वाजून जात. वडिलांनी राउटर बंद केला ती रात्र गटाने त्याला पुन्हा दिलेल्या संधीची होती. चालकच गायब झाल्यामुळे मागच्या सर्वांसह हेलिकॉप्टर समुद्रात पडले, आणि यात आपला दोष नव्हता हे कोणाला पटवून द्यायलाही तो तेथे राहिला नव्हता.

हे समजल्यावर त्याच्या रडण्याचे मला जराही आश्चर्य वाटले नाही. एखाद्या मुलाने नाटकाच्या प्रयोगात किंवा कबड्डीच्या अंतिम सामन्यात सगळ्यांसमोर केलेली चूक आणि ही चूक, दोन्हींचा सल सारखाच असतो. आपल्याला पडद्यापलीकडची माणसे दिसत नाहीत म्हणून ती मुलासाठी खोटी ठरत नाहीत. पालकांनी खेळाला महत्त्व दिले नाही तरी चालेल, पण मुलाला वाटणारी लाज मात्र खरी मानावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निदानाच्या निकषांत तो बसत नव्हता. घरात लग्न होते तेव्हा तो चार दिवस कॉम्प्युटरशिवाय निवांत राहिला होता, मित्र सुटले नव्हते आणि हा सारा प्रकार अवघ्या तीन-चार महिन्यांचा होता. मात्र झोप खरोखरच बिघडली होती, आणि हेडसेटवर गप्प राहण्याची सवय वर्गातही उतरली होती. इंग्रजीतून शिकवलेले भौतिकशास्त्र कळत नसतानाही त्याने एकदाही हात वर केला नव्हता. नापास होण्याचे कारण घरच्यांनी खेळात शोधले; माझ्या मते ते आधी वर्गात होते आणि जागरणाने त्यात भर घातली.

जागरणाविषयी मी त्याला आरोग्याचे व्याख्यान दिले नाही. हात आणि डोळे यांच्या समन्वयाचे कौशल्य सरावानंतरच्या झोपेत मेंदूत पक्के होते, ही झोपेच्या अभ्यासातील चांगली प्रस्थापित गोष्ट आहे. तीन वाजता झोपून सहाला उठणारा वैमानिक आदल्या रात्रीचा सरावच वाया घालवतो, हे मी त्याला समजावून सांगितले. दुसरा प्रश्न मी असा विचारला की चूक नेमकी कोणत्या क्षणी होते. त्याने विचार करून सांगितले की शेवटच्या वीस-तीस सेकंदांत. तरीही तो दर वेळी उड्डाणापासून सुरुवात करून पूर्ण फेरी मारत होता, म्हणजे जे येते त्याचाच सराव अधिक होत होता. खेळातल्या ‘एडिटर’मध्ये, म्हणजे स्वतःची मोहीम रचण्याच्या सोयीत, हेलिकॉप्टर थेट हवेत, उतरण्याच्या जागेपासून दीड किलोमीटरवर ठेवता येते, ही युक्ती त्याचीच. रात्रीच्या जेवणाआधी पाऊण तास फक्त तेवढाच तुकडा करायचा, आणि प्रत्येक वेळी “तीस सेकंद राहिली” हे वाक्य रिकाम्या बेटावरही इंग्रजीत मोठ्याने म्हणायचे, असे आम्ही ठरवले.

वडिलांकडून मी दोन गोष्टी मागितल्या. राउटरला हात लावायचा नाही ही पहिली. अशा मोहिमा दीड-दोन तास चालतात आणि मधून उठणे म्हणजे इतरांना तोंडघशी पाडणे असते, म्हणून बंद करण्याची वेळ घड्याळाच्या मिनिटावर न ठरवता मोहीम संपण्यावर ठरवावी. त्या बदल्यात मुलाने आठवड्यातून एकाच मोहिमेला बसावे आणि इतर रात्री अकराला झोपावे. दुसरी मागणी त्यांना अधिक जड गेली: एका शनिवारी मागे खुर्ची टाकून, मध्ये न बोलता, शेवटपर्यंत पाहायचे.

त्यांनी पाहिले. पुढच्या भेटीत मुलाने मला सांगितले की मोहीम संपल्यावर बाबा म्हणाले, “तू जागेवर येऊन ब्रेक मारतोस. क्रेनवरचा लोड असा थांबवला तर झोके घेतो. तो लांबूनच हळू करत आणावा लागतो.” वैमानिकांचे प्रशिक्षकही हेच सांगतात: वेग आणि उंची दोन्ही दुरूनच, एकमेकांच्या प्रमाणात कमी करत यायचे. मुलाच्या उतरण्यात त्यानंतर फरक पडला, आणि वडील पाळीवरून आल्यावर त्या खोलीत डोकावू लागले ते विचारपूस करण्यासाठी.

गुणांचा चमत्कार घडला नाही. महाविद्यालयातील एका शिक्षकांना तासानंतर भेटून शंका विचारायला त्याने सुरुवात केली, मराठी पारिभाषिक शब्द शेजारी लिहून वही तयार केली आणि पुढच्या परीक्षेत तो बेताच्या गुणांनी उत्तीर्ण झाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे मागे गेली आणि मोहीम साडेबारावर ढकलली गेली, तेव्हा त्याने स्वतःच गटाला इंग्रजीत निरोप लिहून रजा घेतली आणि भारतीय वेळेनुसार संध्याकाळी खेळणारा गट शोधला. तो निरोप त्याने मला दाखवला. त्यात व्याकरणाच्या चुका होत्या आणि मी त्या सुधारल्या नाहीत.

वडिलांनी शेवटी विचारले की हे खेळून तो खरा वैमानिक होईल का. याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक नाशिकच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये घडतात, पण तेथे पोहोचण्यासाठी आधी सैन्यात अधिकारी व्हावे लागते. नागरी व्यावसायिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे आणि कडक वैद्यकीय तपासणी लागते. खेळातील तासांची कोठेही मोजदाद होत नाही. शिवाय खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये कंप आणि कल अंगाला जाणवतात, पडद्यावर सगळे केवळ डोळ्यांनी ओळखावे लागते. आवड टिकली तर बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा विचार करता येईल आणि त्यासाठी गणित-भौतिकशास्त्र लागेलच, एवढेच मी सांगितले.

या मुलाच्या उलट, खेळ थांबवण्याचा तुमच्या मुलाने स्वतः अनेकदा प्रयत्न करूनही त्याला जमत नसेल, जेवण, अंघोळ, शाळा सुटत चालली असेल, घरातले पैसे गुपचूप खेळावर खर्च होत असतील, किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातच आता रस उरला नसेल, तर घरगुती करारावर विसंबून थांबू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. मूल जगण्याविषयी निराशेने बोलू लागले तर त्याच दिवशी मदत घ्यावी. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून ‘शट’ नावाचे स्वतंत्र क्लिनिक चालते, आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.