जुन्या एक्स्कॅव्हेटरवरचा ‘कम्युनिकेशन एरर’: कंट्रोलर बदलण्याआधी

गोव्यातल्या डिचोली किंवा सांगे भागातल्या खाणींवर राबलेले जुने मशीन घेतल्यावर मॉनिटरवर ‘कम्युनिकेशन एरर’ दिसू लागला, तर लगेच कंट्रोलर (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलायला धावू नका. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा वायरिंगमध्येच सापडतो. आधी बॅटरीचे व्होल्टेज आणि अर्थिंग तपासा. मग बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून डायग्नोस्टिक सॉकेटवर (तपासणीचे यंत्र जोडायच्या जागी) कॅन हाय आणि कॅन लो या, कंट्रोलर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन तारांमधला रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असल्यामुळे सुमारे 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर एक रेझिस्टर किंवा त्याच्याकडे जाणारी तार तुटलेली असते, आणि शून्याजवळ आले तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटलेल्या असतात. अशा वेळी एकेक कनेक्टर काढत मीटरवर नजर ठेवा. आपल्या पावसात पाणी आणि तांबडी माती कनेक्टरमध्ये शिरते व पिनांवर हिरवट थर चढतो, जो वरून मुळीच दिसत नाही. पूर्वीच्या मालकाने जीपीएससाठी तार सोलून नुसती टेप गुंडाळली असेल, तर ती जोडणी सर्वांत आधी सोडवा. वेल्डिंगच्या करंटने कंट्रोलर बिघडू शकतो, म्हणून मशीनवर वेल्डिंग करताना कंट्रोलरचे प्लग काढले होते का, हेही त्या मालकाला जरूर विचारा.