संगणक-शंका : फोल्डर नाव बदलू देत नाही

या अंकात फोल्डरच्या नावाविषयी आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरे विंडोज १० आणि विंडोज ११ यांना धरून दिली आहेत.

प्रश्न : मुलीच्या लग्नाच्या छायाचित्रांच्या फोल्डरचे नाव बदलायला गेले, की ‘हे फोल्डर किंवा त्यातील एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असा संदेश येतो. सर्व खिडक्या बंद करूनही तो जात नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तर कधी काम होते, कधी होत नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : संदेश बहुतेक वेळा खराच असतो, फक्त फाइल उघडणारे आपण नसता. फोल्डरच्या आत कितीही खोलवर असलेली एखादी फाइल कोणत्याही प्रोग्रॅमने वापरात घेतली असेल, तर विंडोज सहसा वरच्या फोल्डरचे नाव बदलू देत नाही, आणि पडद्यावर एकही खिडकी दिसत नसताना हे काम करणारे प्रोग्रॅम घरच्या संगणकावर बरेच असतात. छायाचित्रांच्या बाबतीत पहिला संशयित खुद्द फाइल एक्स्प्लोररच असतो, कारण तो प्रत्येक छायाचित्राची छोटी प्रतिमा तयार करत असतो आणि उजवीकडचा प्रिव्ह्यू पेन चालू असेल, तर निवडलेली फाइल तो स्वतःच उघडून दाखवतो. ऑल्ट आणि पी या कळा एकत्र दाबून तो पेन बंद करावा, त्या फोल्डरमधून बाहेर पडून वरच्या फोल्डरमध्ये यावे आणि मग नाव बदलून पाहावे.

दुसरा संशयित वनड्राइव्ह, म्हणजे फाइलींची प्रत इंटरनेटवर ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सेवा. आपले ‘पिक्चर्स’ फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेले असेल, तर संगणक सुरू होताच छायाचित्रे वर चढवण्याचे काम सुरू होते आणि त्याच वेळी अँटिव्हायरसही तपासणीला लागतो. पुन्हा सुरू करण्याचा उपाय आपल्याला कधी लागू पडतो आणि कधी पडत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे. घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करून वनड्राइव्ह दोन तासांसाठी थांबवता येतो, तेवढा वेळ पुरेसा आहे.

एवढ्यानेही भागले नाही, तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा विंडोजलाच विचारावे. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधून उघडावा, त्यातील सीपीयू या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’ नावाचा भाग आहे, तेथील शोधचौकटीत फोल्डरचे नाव लिहावे. ते ज्याने धरून ठेवले आहे, त्या प्रोग्रॅमचे नाव यादीत दिसते. तो प्रोग्रॅम नेहमीच्या पद्धतीने बंद करावा. यादीत फाइल एक्स्प्लोररच आढळला, तर टास्क मॅनेजरमध्ये त्यावर उजवे क्लिक करून ‘रीस्टार्ट’ निवडावे. ‘फाइल अनलॉक करून देतो’ म्हणणारी फुकट साधने मात्र उतरवून घेऊ नयेत. विंडोजमध्ये जे आधीच आहे, त्यासाठी अनोळखी प्रोग्रॅम घरात घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. शाळेची फोल्डरे मराठी नावांनी लावते. फोल्डराच्या आत फोल्डर असे खोलवर गेल्यावर नाव लिहिताना मध्येच अक्षरे उमटेनाशी होतात. शिवाय ‘दुसऱ्या सत्राचे निकाल’ या एकाच नावाची दोन फोल्डरे एकाच ठिकाणी दिसतात. हे कसे शक्य आहे?
— एक वाचक, जिल्हा सोलापूर

उत्तर : विंडोजची जुनी मर्यादा संपूर्ण मार्गाला, म्हणजे फाइलीच्या पूर्ण पत्त्याला, २६० एककांची आहे, आणि त्यात ड्राइव्हचे अक्षर, मधल्या तिरप्या रेघा व वरची सर्व फोल्डरे मोजली जातात. देवनागरीत ही मर्यादा लवकर गाठली जाते, कारण प्रत्येक मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण संगणक वेगळी मोजतो. ‘विद्यार्थी’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात. संगणकाच्या हिशेबी ती दहा आहेत. २०१६ पासून विंडोज १० मध्ये ही मर्यादा उठवण्याची सोय आहे, परंतु ती मुळात बंद असते आणि वापरला जाणारा प्रोग्रॅमही तिच्यासाठी तयार असावा लागतो, म्हणून मी तिच्या भरवशावर राहणार नाही. वरच्या फोल्डरांची नावे आधी आखूड करावीत. उलट, आत बरेच काही साठल्यावर वरच्या फोल्डरचे नाव लांबवले, तर नाव बदलले जाते पण तळाच्या फाइली उघडेनाशा होऊ शकतात; ते नाव पुन्हा आखूड केले, की त्या उघडतात.

दोन सारख्या फोल्डरांचे मूळ ‘ऱ्या’ या अक्षरात असण्याची शक्यता मोठी आहे. ते दोन प्रकारे लिहिता येते : एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, जे इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह र च्या कळीवर आहे, आणि दुसरे, साध्या र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारी जोडखूण घालून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. त्यांपैकी एका फोल्डरला तात्पुरते ‘जुने’ असे नाव द्यावे, आतल्या फाइली पडताळून दुसऱ्यात हलवाव्यात, आणि यापुढे हे नाव एकाच कळफलकाने लिहावे. तारखांसाठी १५/०८ अशी तिरपी रेघ चालत नाही, कारण ती रेघ मार्गाची आहे. आडवी रेघ वापरावी. ‘जि. प.’ असे नाव दिल्यास शेवटचे टिंब विंडोज न विचारता काढून टाकतो, ती चूक आपली नव्हे.

प्रश्न : संगणकातील माझ्या वापरकर्ता-फोल्डरला माझ्या ईमेलची पहिली पाचच अक्षरे आली आहेत. सेटिंग्जमध्ये नाव बदलले, तरी फोल्डर तसेच आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक पहिल्यांदा सुरू केला, की फोल्डरला तेवढीच अक्षरे मिळतात, सेटिंग्जमध्ये बदलते ते फक्त दर्शनी नाव. या फोल्डरचा पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, आणि अनेक प्रोग्रॅमांच्या नोंदींत लिहिलेला असतो, त्यामुळे रजिस्ट्रीत हात घालून तो बदलण्याच्या युक्त्या मी सुचवणार नाही. नाव इतकेच खटकत असेल, तर हव्या त्या नावाने नवे स्थानिक खाते (मायक्रोसॉफ्ट खात्याशी न जोडलेले) तयार करावे, त्याला प्रशासकाचे अधिकार द्यावेत, कागदपत्रे तिकडे नकलून घ्यावीत आणि काही आठवडे सर्व सुरळीत चालले, तरच जुने खाते काढावे.

प्रश्न : सी-ओ-एन या इंग्रजी अक्षरांचे फोल्डर कोणालाच करता येत नाही आणि त्याचे कारण खुद्द मायक्रोसॉफ्टलाही सांगता आले नाही, असा संदेश फिरतो आहे. खरे काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पहिला भाग बराचसा खरा, दुसरा थाप. विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉस या प्रणालीच्या काळापासून हे नाव कीबोर्ड आणि पडदा या जोडीसाठी, पी-आर-एन हे प्रिंटरसाठी आणि सी-ओ-एम-१ सारखी नावे जोडणीच्या खाचांसाठी राखून ठेवलेली आहेत, आणि जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून विंडोजने ती पाळली. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत हे उघड लिहिलेले आहे. आपल्याला तेच नाव हवे असेल, तर पुढे एखादे अक्षर जोडावे, लगेच चालते.