फ्रेमबफरच्या रॉ डंपची पीएनजी कशी करायची? चित्र तिरकं का येतं आणि लाल रंग निळा का दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ बर्फ कारखान्यात लिनक्सवर चालणारं कंट्रोल पॅनेल आहे, स्क्रीन १३६६ × ७६८. अलार्म आला की स्क्रीनचं चित्र पुण्याच्या सर्व्हिस इंजिनिअरला पाठवायचं, पण मोबाइलने फोटो काढला तर काचेवर ट्यूबलाइट चमकते आणि आकडे वाचता येत नाहीत. म्हणून तुम्ही फ्रेमबफरची, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र ज्या मेमरीत असतं तिची, जशीच्या तशी कॉपी (रॉ डंप) घेतलीत. ४२,२७,०७२ बाइटची फाइल मिळाली. ती एफएफएमपेग या चित्र-व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्राममधून आरजीबीए (लाल, हिरवा, निळा, पारदर्शकता असा क्रम) म्हणून पीएनजीत बदलली, तर चित्र तिरकं आलं आणि अलार्मची लाल पट्टी निळी झाली.

तुमचा डंप ठीक आहे, फक्त तो चुकीच्या मापाने वाचला जातोय. या फाइलमध्ये नुसते पिक्सेल असतात. रुंदी किती, उंची किती, रंगांचा क्रम कोणता, यातलं काहीच तिच्यात लिहिलेलं नसतं. ते बाहेरून सांगावं लागतं, आणि अंदाजाने पर्याय बदलत बसण्यापेक्षा पॅनेललाच विचारलेलं बरं.

आधी तिरकेपणा. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक ओळ १३६६ × ४ = ५४६४ बाइटची आणि अख्खा पडदा ४१,९६,३५२ बाइटचा व्हायला हवा. तुमची फाइल त्याहून ३०,७२० बाइटनी मोठी आहे. याला ७६८ ओळींनी भागा: बरोबर ४० येतात, बाकी शून्य. म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी ४० बाइट, म्हणजे १० पिक्सेल, नुसतं पॅडिंग (जागा भरायचे बाइट) आहे. ओळीची खरी लांबी ५५०४ बाइट, जी ६४ च्या पटीत बसते; बऱ्याच ग्राफिक्स चिपना ओळ अशाच पटीवर सुरू झालेली लागते. या लांबीला स्ट्राइड म्हणतात. तुम्ही रुंदी १३६६ सांगितलीत, त्यामुळे दर ओळीला चित्र १० पिक्सेल उजवीकडे सरकत गेलं आणि उभ्या रेषा आडव्या घसरल्या. शेवटच्या पाचेक ओळी तर चित्रात आल्याच नसतील, नीट पाहा.

भागाकारावर विसंबायचं नसेल तर पॅनेलवर सिस, क्लास, ग्राफिक्स, एफबी० या फोल्डरात जा. तिथे स्ट्राइड, बिट्स पर पिक्सेल आणि व्हर्च्युअल साइज या तीन छोट्या फाइली असतात, कॅट कमांडने उघडल्या की आकडे समोर. रंगांचा क्रम एफबीसेट ही कमांड सांगते. तिच्यात आरजीबीए या ओळीपुढे ८/१६, ८/८, ८/० असं दिसलं तर लाल १६ व्या बिटपासून, हिरवा ८ व्यापासून, निळा शून्यापासून. लिटल एंडियन प्रोसेसरवर सगळ्यात खालचा बाइट मेमरीत आधी येतो, म्हणून फाइलमध्ये क्रम निळा, हिरवा, लाल आणि चौथा रिकामा असा पडतो. तुमच्या लालचा निळा झाला तो यामुळेच. खात्री हवी असेल तर ओडी कमांडने फाइलचे पहिले १६ बाइट दशमान आकड्यांत पाहा. पहिला पिक्सेल म्हणजे पडद्याचा डावा वरचा कोपरा. तिथे अलार्मची गडद लाल पट्टी असेल तर ० ० २५५ ० असं किंवा त्याच्या जवळपासचं काही दिसेल.

आता एफएफएमपेगला असं सांगा: इनपुटचा प्रकार रॉव्हिडिओ, पिक्सेल फॉर्मॅट बीजीआर आणि त्याला चिकटून शून्य, व्हिडिओ साइज १३७६x७६८ (५५०४ भागिले ४), मग क्रॉप फिल्टर १३६६:७६८:०:० आणि फ्रेम एकच. यातले प्रकार, पिक्सेल फॉर्मॅट आणि साइज हे इनपुटचे पर्याय इनपुट फाइलच्या नावाआधी यायला हवेत, नंतर लिहिले तर ते आउटपुटला लागू होतात; क्रॉप आणि फ्रेम मात्र त्या नावानंतरच लिहा. पिक्सेल फॉर्मॅट बीजीआरए मात्र देऊ नका. चौथा बाइट बहुधा शून्य असतो, त्याचा अर्थ पूर्ण पारदर्शक असा घेतला जातो आणि पीएनजी उघडली की काहीच दिसत नाही. रंग सगळे आत असूनही माणूस डंप फुकट गेला समजतो.

पायथनची सवय असेल तर पिलो या चित्रांच्या लायब्ररीचं फ्रॉमबाइट्स आणखी सोपं: मोड आरजीबी, डिकोडर रॉ, क्रम बीजीआरएक्स, मग स्ट्राइड ५५०४ आणि शेवटी १. क्रॉप करावं लागत नाही.

दुसरं एखादं पॅनेल १६ बिटचं निघालं तर फॉर्मॅट आरजीबी५६५एलई. लालला ५ बिट, हिरव्याला ६, निळ्याला ५. स्वतः कोड लिहिणार असाल तर ५ बिटांचा आकडा नुसता ३ घर डावीकडे सरकवू नका. ३१ चे २४८ होतात आणि पांढरा मळकट दिसतो. त्यात मूळ आकडा २ घर उजवीकडे सरकवून मिळवा, मग ३१ चे २५५ होतात.

फाइल अपेक्षेच्या दुप्पट आली तर व्हर्च्युअल साइजची उंची पाहा. ती १५३६ असेल तर दोन पडदे एकाखाली एक आहेत, आणि सध्या कुठला दिसतोय ते त्याच फोल्डरातली पॅन फाइल सांगते. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधून ‘पेक्षा मोठे’च्या (>) खुणेने आउटपुट फाइलमध्ये वळवलं तरी आकार फुगतो, कारण ते बाइटना मजकूर समजून बदलतं. असा डंप दुरुस्त होत नाही, पेन ड्राइव्हवर नव्याने घ्या.

डंपमध्ये पॅनेलच्या चित्राऐवजी बूट होतानाचा मजकूर आला, तर तिथला प्रोग्राम फ्रेमबफर वापरतच नाही, थेट डीआरएमवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या ग्राफिक्स यंत्रणेवर, रंगवतो. तिथे एफएफएमपेगचं केएमएसग्रॅब वापरावं लागेल, रूट परवानगीसह.

डंप अलार्म रिसेट करण्याआधीच घ्या. फ्रेमबफर मेमरीत असतो. आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि पॅनेल बंद पडलं की तो पडदा गेला. जेपीईजी करू नका, बारीक लाल अक्षरांच्या कडा फिसकटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना पीएनजी फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर तिथे तिची जेपीईजी होतेच. मूळ रॉ फाइलही ठेवा आणि तिच्या नावातच रुंदी, उंची, स्ट्राइड आणि रंगांचा क्रम लिहा.