‘अल्ट्रा रिअलिस्टिक, 8के, मास्टरपीस’ असं लिहिल्याने एआयची चित्रं खरंच सुधारतात का? चांगला प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची लेखी सूचना, कसा लिहावा?

नाही सुधारत. हे शब्द चित्राचं कौतुक करतात, चित्रात काय हवंय ते सांगत नाहीत. याच मुद्द्यावरून आमच्या सोसायटीत माझं चांगलंच वाजलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी नेरुळला राहते, डिझाइनची कामं करते आणि थंडी पडली की ओहोटीची वेळ बघून रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जाते. 2 फेब्रुवारीच्या जागतिक पाणथळ दिनाला गेटवर पोस्टर लावायचं ठरलं. ठाणे खाडीला 2022 साली रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळालाय, तेव्हा निमित्त योग्यच होतं. कमिटीतल्या एका सभासदांनी प्रॉम्प्टची विकतची यादी आणली होती. त्यातला फ्लेमिंगोचा प्रॉम्प्ट त्यांनी जसाच्या तसा टाकला, त्यात नुसती विशेषणं. चित्र आलं ते लालभडक पक्ष्याचं, निळंशार पाणी आणि मागे नारळाची झाडं. ‘हा तर कॅरिबियनमधला अमेरिकन फ्लेमिंगो आहे,’ असं मी म्हटलं, तर उत्तर मिळालं, ‘लोकांना काय कळतंय, गुलाबी दिसला की झालं.’

मला ते अजिबात पटलं नाही. आपल्या खाडीत मोठ्या संख्येने दिसतो तो छोटा रोहित. त्याची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठा रोहित उंच, अंगाने जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि तिचं फक्त टोक काळं. दोघेही खाताना मान खाली घालून चोच उलटी धरतात. हे चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलला तुम्ही सांगितलं नाहीत, तर ते त्याच्या सगळ्यात ओळखीचा फ्लेमिंगो काढून मोकळं होतं.

मी त्याच रात्री बसून माझा प्रॉम्प्ट लिहिला. इंग्रजीतच लिहिला, कारण मॉडेलांचं शिक्षण मुख्यतः इंग्रजी मजकुरावर झालेलं असतं. त्यात होतं ते असं: ओहोटीचा करडा चिखल, त्यावर पाण्याचा पातळ थर, गडद चोचीच्या फिकट गुलाबी फ्लेमिंगोंचा थवा, माना खाली, चोची उलट्या, मागे बुटकी तिवरं, त्यापलीकडे धुरकट हवेत विजेचे उंच मनोरे, सकाळचं तिरकं ऊन, टेलिफोटो लेन्सने टिपल्यासारखं. नुसतं ‘मँग्रोव्ह’ लिहिलं तेव्हा कमानीसारख्या मुळांचं घनदाट जंगल आलं. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं, असं लिहिल्यावर आपली तिवरं आली. चित्र बघून खाडीवर नेहमी येणाऱ्या एका काकांनी जागा लगेच ओळखली. मला त्याचा अभिमान आहे.

छापलं गेलं मात्र नारळवालंच.

तुमच्या प्रश्नाचं बाकी थोडक्यात सांगते. जे नको ते वाक्यात लिहू नका. ‘नारळ नको’ लिहिलं की अनेकदा नारळ येतोच. स्टेबल डिफ्युजन या चित्रं काढणाऱ्या एआयमध्ये त्यासाठी निगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा रकाना असतो, तो वापरा. मुख्य गोष्ट आधी लिहा. स्टेबल डिफ्युजनची सुरुवातीची मॉडेलं एका वेळी 77 टोकनच, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, वाचतात, त्यामुळे शेपटाला लिहिलेलं वाया जाऊ शकतं. देवनागरी मजकूर चित्रात मागू नका, जोडाक्षरांची बऱ्याचदा वाट लागते. अक्षरं नंतर डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये टाका. चित्र जवळपास जमलं असेल तर सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवून एकेक शब्द बदला, म्हणजे कशाने काय बदललं ते कळतं.

एक मान्य करते. जुन्या मॉडेलांवर अशा विशेषणांनी चित्राला थोडी चकाकी यायची, आणि चॅटजीपीटीमधलं डॅली 3 तर तुमचा प्रॉम्प्ट स्वतःच फुलवून पुढे पाठवायचं. वाढदिवसाचा बॅनर असेल तर एवढा खटाटोप नाही केला तरी चालेल.

पण गावातल्या पक्ष्याचं पोस्टर गावातच लावायचं असेल तर विकतची यादी बाजूला ठेवा. जानेवारीत भरतीच्या वेळी सीवूड्सच्या तलावांकडे किंवा ओहोटीच्या वेळी ऐरोलीला खाडीकाठी दुर्बीण घेऊन जा, आणि दिसेल ते तिथेच वहीत टिपून घ्या. आमच्या त्या सभासदांनाही मी हेच सांगितलं होतं, सोबत न्यायलाही तयार होते. ते अजून आलेले नाहीत.